अमूर्त छायाचित्र आणि भूमीचा पोत

१

निर्जन व रखरखीत प्रदेशात जाऊन तेथील वाळूच्या लाटा, खडकांचे पदर, सुकलेल्या गाळाचे पापुद्रे यांची केवळ आकार म्हणून छायाचित्रे घ्यावयाची, ही पद्धत आता चांगली जुनी झाली आहे. एडवर्ड वेस्टन याने कॅलिफोर्नियातील ओशियानो येथील वाळूच्या टेकड्यांची चित्रे १९३६ साली घेतली. फ्रेडरिक सॉमर याने पुढील दशकात ॲरिझोनाच्या मरुप्रदेशातील डोंगरउतार असे टिपले की चौकटीत क्षितिजाला जागाच राहू नये. आपल्याकडे नसरीन मोहमदी यांनी आखाती प्रदेशातील वाळू, समुद्रकाठ व रस्ते यांची जी चित्रे घेतली त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावयाचा आहे. या परंपरेची एक दूरची शाखा गेल्या काही दुष्काळांत बीड जिल्ह्यात येऊन पोहोचली. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळांत मांजरा नदीवरील धनेगावचे धरण आटले आणि त्याच्या तळाच्या भेगाळलेल्या गाळाची चित्रे वृत्तपत्रांतून व अन्यत्रही मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध झाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते हेच धरण कोरडे पडल्यामुळे. म्हणजे चित्रविषयाचे गांभीर्य वादातीत होते. परंतु चित्रांची मांडणी मात्र सॉमरच्या डोंगरउतारांची आठवण करून देणारी होती. क्षितिज नाही, मोजमापास आधार नाही, माणूस असलाच तर एका कोपऱ्यात ठिपक्यासारखा, आणि चौकटभर पसरलेले भेगांचे जाळे.

अशा चित्रांविषयी बोलताना आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया आढळतात. एक पक्ष म्हणतो, की दुष्काळाचे सौंदर्य करणे हे मुळातच अनैतिक आहे. दुसरा पक्ष म्हणतो, की आकार हा आकार आहे. तो धरणाच्या तळाचा आहे की भिंतीवरच्या पोपड्याचा, याच्याशी रसिकाला कर्तव्य नाही. प्रस्तुत लेखकास हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. पैकी पहिल्या पक्षाशी वाद घालणे सोपे आहे, आणि म्हणून त्यात फारसे स्वारस्य नाही. दुसऱ्या पक्षाची भूमिका मात्र मराठी सौंदर्यशास्त्रात मोठ्या अधिकाराने मांडली गेलेली आहे व तिचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. लेखकाचा विषय भाषाविज्ञान आहे, छायाचित्रण नव्हे. तेव्हा या प्रश्नाकडे तो शब्दांच्या वाटेनेच येणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

२

प्रथम 'अमूर्त' या संज्ञेचा विचार करू. 'मूर्त' हे रूप ज्या धातूपासून आले आहे त्याचा अर्थ घट्ट होणे, थिजणे, आकार धारण करणे असा आहे. त्यानुसार 'अमूर्त' म्हणजे ज्याला आकार नाही ते. परंतु ज्या चित्रांना आपण अमूर्त म्हणतो त्यांत आकार नसतो असे कधीही होत नाही. किंबहुना आकाराखेरीज दुसरे काहीच नसते. मग नसते ते काय? नसते ते नाव. वेस्टनच्या वाळूकडे पाहताना 'ही वाळू' हे शब्द आपल्या मनात उशिरा येतात, आणि तो उशीर हाच त्या चित्राचा परिणाम असतो. मूर्तत्व शाबूत असते, नामकरण लांबणीवर पडते. 'अनाम चित्र' हा शब्द या दृष्टीने अधिक नेमका ठरला असता. पण रूढ झालेली संज्ञा बदलण्याचा खटाटोप सहसा फलद्रूप होत नाही, तेव्हा 'अमूर्त' हाच शब्द या लेखात चालू ठेवला आहे. वाचकांनी त्याचा अर्थ मात्र वर सांगितला तसा घ्यावा.

'छायाचित्र' हा शब्दही लक्ष देण्याजोगा आहे. बंगालीने याच वस्तूसाठी 'आलोकचित्र' हा शब्द पत्करला, म्हणजे प्रकाशाने काढलेले चित्र. मराठीने छायेला पुढे केले. शास्त्रीय दृष्ट्या बंगाली शब्द अधिक बरोबर असेल. परंतु आपल्या विषयापुरते पाहता मराठी शब्दच खरा आहे. पृष्ठभागाचा खडबडीतपणा डोळ्यांना दिसतो तो प्रकाशामुळे नव्हे, तर प्रत्येक उंचवटा शेजारच्या खळग्यावर जी सावली टाकतो तिच्यामुळे. सूर्य तिरपा असेल तर दोन बोटे रुंदीची भेग दरीसारखी दिसते. सूर्य डोक्यावर आला की तीच भेग एक करडी रेघ होते. बीड जिल्हा साधारणपणे १९ अक्षांशावर येतो. तेव्हा मे महिन्याच्या मध्यास, म्हणजे ऐन टंचाईच्या दिवसांत, भर मध्यान्ही उभ्या काठीची सावली तेथे जवळजवळ नाहीशी होते. याचा अर्थ असा, की ज्या घटकेला तेथील ऊन सर्वांत असह्य असते त्याच घटकेला तेथील जमीन छायाचित्रास सर्वांत निरुपयोगी असते. दुष्काळाची म्हणून आपण पाहतो ती खोल, रेखीव, पोतदार चित्रे सकाळची वा संध्याकाळची असतात. मध्यान्ह त्यांतून वगळली गेलेली असते. हे वगळणे कोणी हेतुपुरस्सर करीत नाही. ते माध्यमाच्या स्वभावातच आहे. पण समीक्षकाने ते ध्यानात ठेवले पाहिजे.

आता 'पोत'. कापडाचा पोत आणि जमिनीचा पोत हे दोन्ही प्रयोग मराठीत सर्रास होतात, आणि नवसमीक्षेने कवितेचा पोत हा तिसरा प्रयोग त्यांत घातला. कापडाचा पोत हाताला कळतो. जमिनीचा पोत मात्र केवळ स्पर्शाचा विषय नाही. कृषिशास्त्राच्या पुस्तकात तो मातीतील कणांच्या प्रमाणाचा वाचक असला तरी शेतकरी जेव्हा 'पोत गेला' किंवा 'पोत सुधारला' असे म्हणतो तेव्हा त्याला जमिनीची पिकविण्याची ताकद अभिप्रेत असते. म्हणजे ज्या एका शब्दाने चित्रकार पृष्ठभाग दाखवितो त्याच शब्दाने शेतकरी पृष्ठभागाखालचे काहीतरी सांगतो. मराठी समीक्षेने या शब्दाची पहिलीच बाजू उचलली. दुसरी शेतातच राहून गेली. पुढील विवेचनाचा बराचसा भाग या दुसऱ्या बाजूविषयी आहे.

शेवटी 'वाळवंट'. मराठवाड्याचे वाळवंट होत आहे, हे वाक्य दुष्काळाच्या प्रत्येक वर्षी ऐकू येते. बीड जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास आहे. जैसलमेरचा दोनशेहूनही कमी. त्यामुळे भूगोलाच्या अर्थाने हे विधान टिकत नाही. पाऊस पडतो, पण एका वर्षाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. आष्टी, पाटोदा, शिरूर या पश्चिमेकडील तालुक्यांत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा जाच अधिक. भाषेच्या अर्थाने तर हे विधान अधिकच गमतीचे आहे. मराठीत वाळवंट म्हणजे मूलतः नदीकाठची वाळूची जागा. चंद्रभागेचे वाळवंट म्हटले की निर्जनता नव्हे, गर्दी आठवते, टाळ-मृदंग आठवतो. ओसाड मरुभूमीचा अर्थ त्या शब्दावर नंतर, भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांबरोबर, घट्ट बसला असावा. आज गोदावरी व सिंदफणा यांच्या पात्रांतील वाळू ज्या वेगाने उपसली जात आहे ती पाहता जुन्या अर्थाची वाळवंटे कमी होत आहेत आणि नव्या अर्थाच्या वाळवंटाविषयीचे बोलणे वाढत आहे.

३

छायाचित्र हे कोणत्या जातीचे चिन्ह आहे, हा प्रश्न चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने १८९४ च्या सुमारास विचारात घेतला होता. चिन्हांचे त्याने तीन वर्ग केले. साम्यामुळे अर्थ देणारे प्रतिमाचिन्ह. वस्तूशी प्रत्यक्ष कार्यकारणसंबंध असल्यामुळे अर्थ देणारे निर्देशचिन्ह, उदाहरणार्थ धूर किंवा पाऊलखूण. आणि केवळ रूढीमुळे अर्थ देणारे संकेतचिन्ह. छायाचित्र वस्तूसारखे दिसते म्हणून ते पहिल्या वर्गातले वाटते. पण ते तसे दिसते याचे कारण ते वस्तूकडून आलेल्या प्रकाशाने भौतिक रीत्या घडविले गेले आहे, म्हणून ते दुसऱ्या वर्गात पडते, असा त्याचा निर्णय होता. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. रंगचित्रकार कोणत्याही वस्तूवाचून अमूर्त चित्र काढू शकतो. छायाचित्रकाराला ते शक्य नाही. त्याच्या अमूर्तापुढे नेहमी काहीतरी असतेच, एखादी विशिष्ट जागा, विशिष्ट घटका. तेव्हा अमूर्त छायाचित्र म्हणजे निर्देश करणारे, पण कशाचा निर्देश करते ते न सांगणारे चिन्ह होय. बोट दाखवावे आणि शब्द गिळावा, तसे.

या गिळलेल्या शब्दाची जागा कोण भरते? बहुधा शीर्षक. मॅन रे याने १९२० साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ याच्या एका काचेवर कित्येक महिने साठू दिलेल्या धुळीचे छायाचित्र घेतले. १९२२ साली ते एका फ्रेंच नियतकालिकात छापले गेले तेव्हा त्याखाली, हे विमानातून घेतलेले दृश्य आहे, अशा आशयाचा मजकूर होता. पाहणाऱ्याला तो सहज खरा वाटावा. धुळीचे पुंजके टेकड्या होतात, काचेवरील रेघा मार्ग होतात आणि एका खोलीतील टेबलाएवढी जागा मोठ्या मरुप्रदेशाएवढी वाटू लागते. हे चित्र पुढे 'धुळीची पैदास' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले, आणि मग विमान गेले, धूळ आली. चित्र तेच. रोलाँ बार्त याने १९६४ साली चित्राखालच्या मजकुराच्या या कार्यास फ्रेंचमध्ये जो शब्द वापरला त्याचा अर्थ नांगर टाकणे असा आहे. अर्थ इतस्ततः वाहून जाऊ नये म्हणून. मराठीत 'नांगर' म्हणजे शेताचाही आणि जहाजाचाही. दोन्हींचे मूळ एक नाही, पहिला संस्कृत 'लांगल' याच्या कुळातला व दुसरा फारसी 'लंगर' याच्या. पण आपल्या विषयापुरता हा योगायोग सोयीचा आहे.

भाषेच्या अंगाने हेच अधिक नेमकेपणाने सांगता येईल. प्रत्येक भाषेत काही शब्द असे असतात की बोलणारा कोण, कोठे व केव्हा बोलतो आहे हे ठाऊक असल्यावाचून त्यांचा अर्थच लागत नाही. 'हा', 'तो', 'येथे', 'पलीकडे', 'काल', 'आता'. कार्ल ब्यूलर याने १९३४ साली या शब्दांच्या मुळाशी असलेल्या 'मी-येथे-आता' या बिंदूचे विवेचन केले. छायाचित्रात या दर्शक शब्दांचे काम क्षितिज, सावलीची दिशा, ओळखीच्या मापाची एखादी वस्तू, ही करतात. क्षितिज दिसले की पाहणारा कोठे उभा आहे ते कळते. बैल दिसला की ढेकूळ केवढे आहे ते कळते. अमूर्त छायाचित्र या खुणा काढून टाकते. ज्या वाक्यातून सर्व दर्शक शब्द व क्रियापदाचे प्रत्यय काढले आहेत अशा वाक्यासारखे ते उरते. असे वाक्य निरर्थक नसते. सुभाषिते, म्हणी, व्याख्या यांची घडण थोडीफार तशीच असते. ती सर्वकाळी खरी वाटतात, याचे कारणही तेच. पण पंचनामा अशा वाक्यांत लिहिता येत नाही.

४

येथे मर्ढेकरांची भूमिका विचारात घ्यावी लागते. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात त्यांनी सौंदर्य हे संवेदनांच्या परस्परसंबंधांत, संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांत शोधले. चित्रात काय दाखविले आहे याला त्या मीमांसेत सौंदर्यदृष्ट्या स्थान नाही. रा. भा. पाटणकरांनी पुढे 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावादी व लौकिकतावादी अशी जी विभागणी केली तीत ही भूमिका पहिल्या बाजूस पडते. दुष्काळी गाळाची चित्रे मर्ढेकरांच्या कसोटीवर घासली तर त्यांतील पुष्कळशी उत्तीर्ण होतील. बहुभुज आकारांचा संवाद आहे, जाड व बारीक भेगांचा विरोध आहे, समतोलही आहे. आणि नेमके येथेच या कसोटीचे अपुरेपण उघडे पडते. चिनी मातीच्या भांड्यावरील तडे, जुन्या तैलचित्राचा भेगाळलेला रंगथर आणि धनेगावचा गाळ या तिहींना ती सारखेच गुण देईल. काही वाचकांना यात वावगे वाटणार नाही. पण छायाचित्र निर्देशचिन्ह आहे हे एकदा मान्य केल्यावर, त्याच्या निर्देशाकडे पाठ फिरविणारी मीमांसा त्या माध्यमाचे निम्मे स्वरूपच नाकारते, असे म्हणावे लागते.

तथापि मर्ढेकरांच्या बाजूने सर्वांत बलवत्तर साक्ष आहे ती नसरीन मोहमदी यांची. कराचीत १९३७ साली जन्म, मुंबईत वाढ, लंडन व पॅरिस येथे शिक्षण, कुटुंबाच्या व्यवसायामुळे बहारीनशी संबंध, १९७२ पासून बडोद्याच्या ललितकला विभागात अध्यापन, आणि १९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे अखेर. त्यांची ख्याती आहे ती शाई व पेन्सिलीच्या रेषाचित्रांमुळे. छायाचित्रे त्यांनी आयुष्यभर घेतली, पण हयातीत प्रदर्शनात मांडली नाहीत. त्यांत वाळूवरील ओहोटीच्या खुणा आहेत, मोकळ्या प्रदेशातील रस्ते आहेत, फत्तेपूर सिक्रीच्या फरशा आहेत, मागावर ताणलेले सूत आहे. बहुतेकांस नाव नाही.

या नावाच्या अभावाकडे आपण जरा थांबून पाहिले पाहिजे. वाळूच्या त्या चित्रांत वाळवंट दूर, गूढ, प्रचंड असे काही वाटत नाही. ते जवळ आलेले, शांत, जवळजवळ हातात घेण्याजोगे वाटते. भव्यतेचा मोह त्यांनी टाळला आहे, आणि हा मोह टाळणे किती कठीण असते ते वेस्टनच्या टेकड्यांकडे पाहिले म्हणजे कळते; त्या टेकड्या अप्रतिम आहेत, पण त्यांना आपल्या अप्रतिमत्वाची थोडी जाणीवही आहे. मोहमदींच्या चित्रांत पाहणाऱ्याकडून काहीच मागितलेले नाही. दया नाही, विस्मय नाही, टाळी तर नाहीच. शिवाय मागावरील सुताची चित्रे वाळूच्या चित्रांशेजारी ठेवली की त्यांना पोत या शब्दाची पहिली बाजू, कापडाची बाजू, किती खोल कळली होती ते ध्यानात येते. ताणलेला धागा आणि वाऱ्याने ओढलेली वाळू यांत त्यांनी एकच प्रश्न पाहिला. ताण पृष्ठभागावर कसा उमटतो, हा तो प्रश्न. त्यांची छायाचित्रे अनाम आहेत. पण ती कोणाचे नाव पुसून अनाम झालेली नाहीत. ओहोटीच्या खुणेवर कोणाचा सातबारा नसतो.

म्हणून मोहमदींच्या उदाहरणाने धनेगावच्या चित्रांचे समर्थन होत नाही. त्या चित्रांना अनाम राहण्याचे धैर्य नसते. आकारांचा आनंद ती मर्ढेकरी नियमाने घेतात आणि करुणा मात्र खालच्या मजकुरातून उसनी आणतात. चित्र म्हणते, पाहा किती सुंदर जाळी आहे. शीर्षक म्हणते, पाहा किती भयंकर दुष्काळ आहे. दोघांची गाठ पडत नाही. माझ्या मते या चित्रांचा दोष ती अमूर्त आहेत हा नाही. ती पुरेशी अमूर्तही नाहीत आणि पुरेशी माहितीपूर्णही नाहीत, हा आहे.

५

भेगांविषयी आता थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण ज्या आकारांवर ही सारी चर्चा चालते ते आकार कसे घडतात याविषयी समीक्षक सहसा मौन पाळतात.

दक्षिणी बेसाल्टाच्या विदारणातून तयार झालेल्या काळ्या जमिनीत, म्हणजे रेगूर मातीत, एका विशिष्ट जातीच्या चिकणमातीचे प्रमाण पुष्कळ असते. पाणी मिळाले की ती फुगते, सुकली की आकसते. आकसण्याचा ताण थराला सहन झाला नाही म्हणजे भेग पडते. ही क्रिया दरवर्षी होते. चांगला पाऊस झालेल्या वर्षीही मार्च उलटला की काळी जमीन भेगाळते; वरची सुटी माती भेगांत पडते, पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून खोल उतरते, आणि अशा रीतीने जमीन आपली आपणच काही अंशी वरखाली होते. जमिनीच्या पोताचाच तो एक गुण आहे. म्हणजे भेग ही दुष्काळाची पाऊलखूण नव्हे. ती काळ्या मातीची आणि उन्हाळ्याची पाऊलखूण आहे. दुष्काळाचे चिन्ह म्हणून तिला जे स्थान मिळाले ते रूढीने मिळाले. पर्सच्या परिभाषेत सांगावयाचे तर निर्देशचिन्हाचे संकेतचिन्ह झाले, आणि पाहणारा मात्र अजूनही तिच्याकडे निर्देश म्हणूनच पाहतो. छायाचित्राच्या खरेपणावरील विश्वास येथे रूढीच्या कामी लावला जातो. आज दुष्काळावरील कोणत्याही मजकुराशेजारी कोणत्याही देशातील भेगाळलेली जमीन छापून चालते, हा त्याचा पुरावा. उलट, बरड व मुरमाड जमीन, जी दुष्काळात आधी मरते, ती अशी भेगाळत नाही; म्हणून ती चित्रात येत नाही. बालाघाटच्या माथ्यावरील हलक्या जमिनीचा दुष्काळ या संकेतामुळे जवळजवळ अदृश्य राहिला आहे.

धरणाच्या तळाची गोष्ट आणखी निराळी. तेथे सुकतो तो वाहून आलेला बारीक गाळ. त्याचा वरचा पातळ थर आधी आकसतो व कडा वर वळून पापुद्रे सुटतात. छायाचित्रकाराला या वळलेल्या कडा फार प्रिय असतात. भेगांच्या जाळ्यातही वाचण्याजोगे बरेच असते. पहिल्यांदाच सुकणाऱ्या थरात एक भेग आधी पडते आणि दुसरी तिला येऊन सुमारे काटकोनात मिळते. तोच थर पुनःपुन्हा भिजला व सुकला तर सांधे हळूहळू सरकतात आणि तीन भेगा १२० अंशांच्या जवळपासच्या कोनांत एकत्र येऊ लागतात. चौकोनी जाळीची षट्कोनी होऊ लागते. २०१० साली लुकास गोरिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत चिकणमातीच्या थरावर हे दाखवून दिले. खडकांच्या विश्वातही असेच काहीसे घडते. बेसाल्टाचा रस थंड होताना त्यात जे षट्कोनी स्तंभ तयार होतात ते आकसण्याचीच निष्पत्ती. तेव्हा धरणाच्या तळाच्या चित्रात सांधे काटकोनी आहेत की षट्कोनी, यावरून तो थर नवा आहे की अनेक उन्हाळे पाहिलेला, याचा काही अंदाज बांधता येईल. प्रत्यक्ष भूमीवर दरवर्षीच्या नव्या गाळामुळे हे वाचन प्रयोगशाळेइतके स्वच्छ होणार नाही, हे खरे. पण मुद्दा असा, की ज्याला आपण केवळ आकार म्हणून बाजूला काढतो तो आकार स्वतःच एक नोंद आहे. ती वाचण्यास वेळ द्यावा लागतो, आणि एकाच दृष्टिक्षेपात करुणा उत्पन्न करणाऱ्या चित्रास तो वेळ नको असतो.

आटलेल्या धरणाचा तळ निर्जन असतो, हा समजही तपासून पाहावा. पाणी मागे हटू लागले की उघड्या पडणाऱ्या ओलसर गाळात पीक घेण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. गाळपेर हा तिचा शब्द, आणि अशा जमिनी ठराविक काळासाठी भाडेपट्ट्याने देण्याची शासकीय रीतही आहे. २०१७ पासून राज्य शासनाने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चालविली, तीत धरणातील गाळ काढून तो शेतांत पसरणे अपेक्षित होते. म्हणजे ज्या गाळाच्या भेगा चित्रात मरणाचे प्रतीक म्हणून येतात तोच गाळ शेतकरी गाडी भरून घरी नेतो. पोत या शब्दाची दुसरी बाजू हीच. चित्रकाराने गाळाचा पोत पाहिला, शेतकऱ्याने गाळाने पोत सुधारला. एकाच गाळाविषयीची ही दोन वाक्ये आजवर एका चित्रात एकत्र आलेली माझ्या पाहण्यात नाहीत.

आंबेजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. या सोळाव्या शतकातील कवीने पंचीकरणाचा विषय, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाची मीमांसा, एका लांबरुंद कापडावर लिहून काढली. पृथ्वीतत्त्वाविषयीचा मजकूर आणि त्याखालचा कापडाचा पोत एकाच दृष्टिक्षेपात यावेत, अशी ही वस्तू आहे. तिची छायाचित्रे घेणाऱ्याला अक्षरे टाळून विणीचे सुंदर अमूर्त चित्र घेता येईल, यात संशय नाही. ते पाहून हे कापड कशाचे, असे कोणी विचारलेच तर उत्तर मात्र त्या चित्रात सापडणार नाही.

६

हे सर्व केवळ रसिकतेपुरते असते तर त्यावर एवढा मजकूर खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु भूमी रिकामी दिसणे आणि रिकामी ठरणे यांत फारसे अंतर नसते. आपल्या महसुली भाषेत 'पडीक', 'पोटखराब', 'गायरान' असे शब्द आहेत. पोटखराब म्हणजे सर्व्हे नंबराच्या पोटात असलेली, पण लागवडीस अयोग्य ठरविलेली जमीन. हे शब्द कारकुनाने पृष्ठभाग पाहून लावले. गायरान तर गावाच्या गुरांसाठी राखलेले. पण ते कसून पोट भरणारी भूमिहीन, बहुतांशी दलित, कुटुंबे मराठवाड्यात कित्येक पिढ्या आहेत. १९५९ आणि १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह, आणि पुढे बीड जिल्ह्यातूनच उभे राहिलेले एकनाथ आवाड (निधन २०१५) यांचे मानवी हक्क अभियान, यांचा झगडा या एका प्रश्नाभोवती होता, की कागदावर रिकाम्या असलेल्या जमिनीवर माणसे आहेत. त्याच माळाचे क्षितिजहीन, निर्मनुष्य, सोनेरी गवताचे किंवा उघड्या मुरमाचे सुंदर चित्र कागदाच्याच बाजूने साक्ष देते. छायाचित्रकाराच्या मनात तसे नसेलही. साक्षीला साक्षीदाराचा हेतू लागत नाही.

जुन्या मराठीत गावाचे दोन भाग सांगत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसावयाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. एकीचा उल्लेख दुसरीवाचून अपुरा मानला जाई. भेगाळलेल्या गाळाच्या चित्रात काळी आहे, पांढरी नाही. बीडमधून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या काळात पांढरीवर म्हातारी माणसे व मुले उरतात. निर्मनुष्यता हवीच असेल तर ती तेथे, कुलूप लावलेल्या दारांच्या रांगेत आहे, धरणाच्या तळात नव्हे. दारांच्या रांगेलाही लय आहे, संवाद आहे, विरोध आहे.

माणसे चित्रात घातली की प्रश्न सुटला, असेही नाही. मद्रास इलाख्यातील १८७६-७८ च्या दुष्काळात विलोबी हूपर याने उपाशी माणसांना ओळीने बसवून चित्रे घेतली. त्यांत माणसे आहेत, पण त्यांच्या फासळ्यांचाच पोत झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाला दीनदयाळ यांच्या छायाचित्रगृहाने निजामाच्या राज्यातील दुष्काळनिवारणाची चित्रे घेतली. बीड तेव्हा त्याच राज्यात होते. ती चित्रे राज्यकर्त्याच्या सत्कार्याची नोंद म्हणून घेतलेली, म्हणजे निःपक्षपाती मुळीच नव्हेत. पण त्यांत जागा कोणती आणि प्रसंग कोणता हे सांगण्याची चिंता आहे, आणि त्यामुळे त्यांच्याशी शंभर वर्षांनंतरही वाद घालता येतो. नाव नसलेल्या गाळाच्या चित्राशी वाद घालण्यास जागाच नसते.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी बोलींच्या अभ्यासासाठी या भागात जातात त्यांच्यापैकी अनेकांजवळ आता छायाचित्रणाचे साधन असते. त्यांनी आकारांची चित्रे जरूर घ्यावीत. फक्त प्रत्येक चित्राबरोबर गाव, शिवार, महिना, वेळ आणि आपण किती उंचीवरून पाहत होतो हे टिपावे. आणि ती जमीन कसणाऱ्याने तिला कोणत्या नावाने ओळखले तेही, त्याच्याच उच्चारात. बरड, चोपण, मुरमाड, पोयटा, खारपड हे शब्द कोशात आहेत. पण एका शिवारातले चोपण दुसऱ्या शिवारातले चोपण असेलच असे नाही, आणि हा फरक शब्द व चित्र शेजारी ठेवल्यावाचून कळावयाचा नाही.